सेंद्रिय मातीच्या सहा पिशव्या

मूंटा गावातल्या चुनखडीच्या जमिनीत कुदळ मारली की ठिणगी उडते, टोमॅटो काही उगवत नाही. म्हणून ग्लेनिस पॅस्कोने मागल्या अंगणात चार मोठे टब मांडले होते. तळाशी पाण्याची टाकी, वर माती; मातीला लागेल तसं पाणी ती खालून ओढून घेते. आठवडाभर लेकीकडे ॲडलेडला गेलं तरी झाडं तगतात. पण पहिल्याच वर्षी तिच्या नवऱ्याने, मर्व्हने, भावाच्या शेतातली माती आणून भरली. तिचा खाली चिखल झाला, मुळं कुजली, आणि टब उपसताना मेलेल्या उंदरासारखी घाण सुटली.

या ऑक्टोबरात मात्र माती ग्लेनिसने निवडली. दुकानात पाऊण तास ती पिशव्यांवरची बारीक अक्षरं वाचत होती. बागेची माती नको, दबून घट्ट होते. पाणी धरून ठेवणारे रासायनिक दाणे घातलेली नको, खाली टाकी असताना ती कायम गच्च ओली राहील. शेवटी काथ्याच्या भुशाचं कोकोपीट, कंपोस्ट आणि हलके पांढरे खडे मिसळलेली सेंद्रिय माती तिने घेतली. सहा पिशव्या. पिशवीवर चौकटीत सूचना होती : मास्क लावा, धूळ श्वासात घेऊ नका. तीही तिने वाचली.

पिशव्या दहा दिवस गाडीच्या हौद्यात उन्हात तापत पडल्या. मग एका शनिवारी सकाळी मर्व्हने खिशातला चाकू काढला.

"मास्क लाव म्हणतायत," ग्लेनिस म्हणाली.

"मातीला मास्क? उद्या बटाट्यांना हातमोजे घालशील! सत्तर वर्षं माती खातोय मी."

"बरं बाबा, फाड. सेंद्रियच आहे, विषबिष काही नाही त्यात."

पिशवी फाटताच आतून ऊबदार वाफ आली. मर्व्हने ओंजळभर माती नाकाशी नेली आणि छाती भरून वास घेतला. "अगं, पावसानंतरच्या रानासारखा वास आहे!" उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. तीन पिशव्या पालथ्या करून दोन टब भरले, तोवर त्याच्या भुवयासुद्धा तपकिरी झाल्या.

आठव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सेनानायके बाईंनी छाती तपासली.

"कुठे प्रवास केलात? हॉटेलात वगैरे राहिलात?"

"छे, घरीच असतो हा," ग्लेनिसच बोलली.

छातीत कफ धरलाय म्हणून गोळ्या मिळाल्या. तीन दिवस गोळ्या झाल्या, ताप मात्र एकशे तीनच्या खाली येईना. चौथ्या दिवशी दुपारी मर्व्ह अंथरुणात उठून बसला.

"ग्लेन, फाटक लावलंस ना? मेंढ्या रस्त्यावर जातील."

मेंढ्या विकून एकोणीस वर्षं झाली होती.

"लावलंय," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. मग अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कुणाच्या घरच्या?"

ती खोलीबाहेर आली. कुठे प्रवास केलात, या प्रश्नाचं आपण दिलेलं उत्तर तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. घरीच असतो. घरीच. ती अंगणात गेली. रिकाम्या पिशव्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. तिने चष्मा लावून मागची बाजू वाचली. ‘या मिश्रणातील जंतूंमुळे फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो.’ विषबिष काही नाही, असं आपणच म्हणालो होतो.

रुग्णवाहिका बोलावली तेव्हा तिने ती पिशवी दुसऱ्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेतली. वाटभर वाटत होतं, काच खाली करून फेकून द्यावी. कुणाला कळलं तर? लेकीला काय सांगायचं? गावात काय तोंड दाखवायचं? मर्व्हच्या ओठांवर निळसर झाक आली होती आणि दर श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

गावच्या इस्पितळात पाळीवर सेनानायके बाईच होत्या.

"डॉक्टर, माझं एक सांगायचं राहिलंय." तिने गुंडाळी पुढे केली. "ही माती. मीच आणली. मीच म्हटलं, फाड."

बाईंनी नाव वाचलं, तारीख विचारली, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "सिस्टर, आधीचं औषध बंद!" मग ग्लेनिसकडे वळून त्या म्हणाल्या, "लिजिओनेलाची शंका आहे. मातीतला जंतू. मी दिलेल्या गोळ्या त्याच्यावर चालतच नाहीत, आणि नेहमीच्या लघवीच्या तपासणीत हा सापडतही नाही. थुंकी ॲडलेडला पाठवते. पण निकालाची वाट बघत नाही, औषध आत्ताच सुरू करते."

"मी मारलं का हो त्याला?"

"अजून जिवंत आहेत ते. जा, जवळ बसा."

त्याच संध्याकाळी त्याला विमानाने ॲडलेडला हलवलं. सहा दिवस यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. यंत्राचा प्रत्येक सुस्कारा ग्लेनिस मोजायची. जरा लांबला की तिचाही श्वास अडकायचा. तिसऱ्या दिवशी निकाल आला : बाईंची शंका खरी होती. सातव्या दिवशी नळी काढली. घोगऱ्या आवाजात त्याने पहिल्यांदा मागितली ती बिअर, तेव्हा ती भर वॉर्डात हमसून हमसून रडली.

तो घरी आल्यावर तिने सगळं कबूल केलं.

"मग?" मर्व्ह म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून फाडली? मी काय तुझं वासरू आहे? वाचता मलाही येतं." एवढं बोलूनही त्याला धाप लागली. पूर्वीचा दम काही परत आला नव्हता.

दोन टब अजून रिकामेच होते, आणि तीन पिशव्या शिल्लक होत्या. त्या टबांना तीच माती योग्य होती, हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं. तरी तीन आठवडे ती त्यांच्याजवळून श्वास रोखून जायची. एका बिनवाऱ्याच्या सकाळी तिने मर्व्हला घरात बसवलं, खिडक्या लावल्या, मास्क आणि हातमोजे चढवले. पिशवीचा कोपरा तोंड लांब धरून हळूच कापला आणि आत नळीने पाणी सोडलं, धूळ पार बसेपर्यंत. थोडं पाणी तिच्याच बुटांत गेलं. काचेपलीकडून मर्व्ह हातवारे करून काहीतरी सांगत होता. ते तिने पाहिलंच नाही. एक टब भरला. दुसरा काही तिच्याने भरवेना. कपडे बाहेरच बादलीत टाकून ती तडक न्हाणीघरात गेली आणि कोपरापर्यंत साबण लावून हात घासत राहिली, दाराबाहेर मर्व्ह खोकला तेव्हाही, आणि त्यानंतरही बराच वेळ.