मागचा रंग

"चौदा हजार फोटो!" माझ्या संगणकासमोर बसलेली मुलगी ओरडली. "माशीच्या पायावरचे केस मोजता येतील असे चौदा हजार फोटो, आणि आईचा एक धड फोटो नाही? बाबा, कमाल आहे तुमची!"

मी चहा गाळत होतो, तो गाळतच राहिलो. तिची गाडी दुपारी तीनची होती. आई गेल्याला चार महिने झाले होते. परत जाताना घरी भिंतीवर लावायला आईचा एक फोटो, एवढंच तिचं मागणं. दागिने नकोत, भांडी नकोत. आणि नेमकं तेवढंच माझ्याकडे नव्हतं.

म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. लग्नाच्या फोटोंत बायकोचे डोळे मिटलेले. ओळखपत्रावरच्या फोटोबद्दल ती स्वतःच म्हणायची, "ही बाई आढळल्यास पोलिसांना कळवा." एरवी कॅमेरा दिसला की तोंडासमोर हात. आणि किडे टिपायच्या माझ्या खास भिंगातून वीतभर अंतरापलीकडचं काही स्पष्ट दिसतच नाही.

मी विजेचे मीटर वाचणारा माणूस. बत्तीस वर्षं जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारून आकडे टिपले. मीटरच्या पेट्यांत कोळी, झुरळं आणि गांधीलमाश्यांची वस्ती. आधी घाबरायचो, मग थांबून बघायला लागलो, आणि निवृत्त झाल्यावर एक जुना कॅमेराच घेतला. "लोक म्हातारपणी देवाच्या मागे लागतात, तुम्ही किड्यांच्या मागे लागलात," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर बागेत आली.

"मागची सजावट मात्र झकास हं," मुलीचा राग उतरत नव्हता. "कुठे हिरवी, कुठे जांभळी. पडदे लावायला वेळ होता तुम्हाला, आईचा फोटो काढायला नव्हता!"

"ते पडदे नाहीत गं," मी म्हणालो. "ती आई आहे."

तिचा माऊसवरचा हात थांबला. मला इतकी वर्षं वाटत होतं, तिला हे माहीत असेल.

मग सांगितलं. अगदी पहिल्या आठवड्यातली गोष्ट. शेवंतीवर एक पट्ट्यापट्ट्यांची माशी बसली होती आणि नेमकी मागे कुणाची तरी लालभडक स्कूटर. मी कुरकुरत होतो. बायको उठली आणि फुलामागे जाऊन उभी राहिली. "आता काढा. मी काय कमी रुंद आहे?" तिचा जांभळा स्वेटर फोटोत मऊ पसरला, वर वाराही अडला. वारा म्हणजे आमचा शत्रू. आपल्याला जाणवणारही नाही अशी झुळूक येते, पण भिंगातून बघावं तर फुलाला भूकंप झालेला असतो. तेव्हापासून अकरा वर्षं ती मागे उभी राहिली. मी श्वास रोखला की तीही रोखायची. फोटो झाला की दोघंही धापा टाकत हसायचो.

मुलगी एकेक फोटो उघडू लागली. आता ती किड्यांकडे बघतच नव्हती.

"हा पिवळा... माझ्या पहिल्या पगारातला गाऊन?"

"तोच. म्हटलं, घरातला गाऊन घालून बाहेर कशाला? तर म्हणे, लेकीने आणलाय, माश्यांनाही बघू दे."

ती हसली आणि लगेच डोळे पुसले. शेवटच्या फोटोपाशी ती थांबली. पांढऱ्या सदाफुलीवर एक लाल ढालकिडा, मागे फिकट निळं.

"असा रंग आईकडे नव्हता."

"हॉस्पिटलचा गाऊन तो."

वॉर्डमागच्या अंगणात मी तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. किडा तिलाच दिसला. मी म्हटलं, राहू दे आज. "अहो, मी नुसतीच बसलेय ना इथे? काहीतरी कामाला येऊ दे मला. ढकला खुर्ची तिकडे." ढकलली. श्वास रोखणं तिला आता जमत नव्हतं, तर तिने तोंडावर रुमाल धरला, फूल हलू नये म्हणून. सतरा फोटो काढले, त्यातला एक नीट आला. तिने तो चष्मा वर करून पाहिला. "पाय आले का सगळे?"

"सहाही आले."

"मग झालं तर."

माझ्या फोटोंचं लोक कौतुक करतात. पण तिच्याशिवाय त्यातला एकही निघाला नसता. हे मी तिला एकदाही म्हणालो नाही. मुलीला म्हणालो. ती उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली, चहा तसाच गार झाला.

एक वाजता आम्ही चौकातल्या फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ढालकिड्याचा फोटो पडद्यावर मोठा केला आणि त्याला आमची दया आली असावी.

"झकास आहे किडा. पण मागे हे निळं निळं फार झालंय. काढून पांढरं करून देऊ? उठून दिसेल एकदम."

"नको," मुलगी म्हणाली. "हवं तर किडा काढा. मागचं राहू द्या."

दुकानदाराने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता फोटो होता तसा छापून चौकटीत बसवला.

गाडीत तिची बॅग मी वर ठेवली. चौकटही ठेवायला हात पुढे केला, पण तिने ती दिली नाही. वर गुंडाळलेला कागद सोडला आणि चौकट मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.