कंबरेच्या चार शिवणी

मी शिंपीण आहे. बायकांची मापं घेता घेता वीस वर्षं गेली. बाई दारातून आत आली की तिची कंबर मी नजरेनंच सांगते, टेप नंतर लावते. त्यामुळे माझ्याच घरात पोर वाळत गेली आणि ती मला दिसली नाही, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. दिसत होतं. मी ते शिवून टाकत होते.

पोरीला आम्ही गोटी म्हणतो. लहानपणी होतीच तशी, गोल गरगरीत. आता पंधरावं चालू आहे. पहिल्यांदा ती शाळेचा स्कर्ट घेऊन मशीनपाशी आली आणि म्हणाली, "आई, कंबरेत सैल होतोय, थोडा आत घे ना." घेतला. शिंपिणीची पोर ढगळ कपड्यात फिरली तर लोक माझ्या तोंडावर हसतील! दोन महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा घेतला. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तर चुण्याच एकमेकींवर चढायला लागल्या, तेव्हा सगळा पट्टा उसवून नव्यानं बसवला. आणि काय बसला म्हणता! माझं मलाच कौतुक वाटलं. आग लागो त्या कौतुकाला.

जेवणाची तर रोजची कटकट. "शाळेत खाल्लं." "मैत्रिणीकडे खाल्लं." "पोटात कसंतरी होतंय." अर्धं सफरचंद घेऊन तासभर बसायची. मी आधी ओरडायचे, मग गयावया करायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. परीक्षा जवळ आली की तिचे हात थंडगार पडायचे, छातीत धडधडतंय म्हणायची. एकदा डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "अगं, एवढं जग जेवतंय, कुणी मेलंय का जेवून?" ती शांतपणे म्हणाली, "मला कळतं गं आई. तरी नाही जात." मी ताट उचललं.

तिचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. घरी येतात ते अर्धे झोपलेलेच. त्यांना सांगायला गेलं की म्हणायचे, "उंची वाढतेय तिची. कपडे बघ की, कसे मापात बसतात!" मी गप्प बसायचे. गप्प बसणंच मला सोयीचं होतं.

मग परवा ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. आम्ही दोघं धावत गेलो आणि तशाच गणवेशात तिला दवाखान्यात नेलं. नंबर यायची वाट बघत असताना तिनं माझं मनगट धरलं. बोटं नुसती काडीसारखी. "आई, स्कर्टाचं सांगू नकोस हं. ते मला ठेवून घेतील. मी उद्यापासून खाते. तुझी शपथ."

माझी शपथ. मी मान हलवली.

आत डॉक्टरबाईंनी वजन केलं, नाडी बघितली, नाडी पुन्हा बघितली. "वजन फार कमी आहे. आधीपासूनच बारीक आहे का?"

"अंगकाठीच तशी," हे म्हणाले. "कालपर्यंत ठणठणीत होती. परीक्षेचा ताण, दुसरं काही नाही. एखादं टॉनिक द्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. गोटीनंही. तिच्या डोळ्यांत एवढी भीती होती, की वाटलं, देऊ देत टॉनिक, जाऊ घरी, उद्यापासून खाईलही. मग मनात आलं, उद्या ती पाचव्यांदा स्कर्ट घेऊन येईल आणि मी घेईन आत. घेईनच. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मी उठले. तिचा शर्ट जरा वर केला आणि कंबरेचा पट्टा उलटा करून धरला. कितीही इस्त्री करा, जुन्या शिवणीच्या सुईची भोकं जात नाहीत. "बघा बाई. ही पहिली शिवण, ही दुसरी, ही तिसरी. आणि ही आत्ताची. सात महिन्यांत साडेपाच इंच. मीच घातल्यात."

"तुला माहीत होतं?" हे म्हणाले.

"होतं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. घरी नाही सोडता येणार हिला. आजच दाखल करू."

हे कागद भरायला गेले. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. गोटी माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "राग आलाय?"

"हो."

"येऊ दे."

ती समोरच्या भिंतीकडे वळून बसली. मग म्हणाली, "आई, इथे ताटात किती घ्यायचं ते हेच लोक ठरवतात ना?"

"हो. हेच ठरवतात."

"म्हणजे मला ठरवायला नको?"

"नको गं बाळा."

"एकदाही नको?"

"एकदाही नको," मी म्हटलं, तेव्हा कुठे ती रडली.