शार्क्सचं यंदा काय होणार?

विश्वचषकाला वर्ष उरलं होतं आणि अख्ख्या कतारला फुटबॉलचं वेड लागलं होतं. अशा दिवसांत बर्फावरच्या हॉकीकडे कोण ढुंकून बघणार? दोह्यातल्या एका मॉलमध्ये सराव करणारा ‘सँड शार्क्स’ हा पगारी संघ आखाती लीगमध्ये उतरत होता, पण त्याच्यावर एक ओळ छापायला कुणी तयार नव्हतं. म्हणून क्लबच्या ऑफिसात काम करणाऱ्या नमितानं गिरीशरावांना गाठलं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादनही तीच करायची. राशिभविष्य तर दरवर्षी असतंच, यंदा शार्क्सचंही भविष्य लिहा, असा तिनं लकडाच लावला.

गिरीशराव दोह्यापासून तासाभरावरच्या दुखानला तेलकंपनीत इंजिनिअर. मुलगा अर्णव शाळेत असल्यापासून ते दर शुक्रवारी त्याला गाडीत घालून दोह्याला न्यायचे. बाहेर अंग भाजून निघत असताना हे गृहस्थ रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेला स्वेटर घालून कुडकुडत बसायचे. बसून बसून त्यांना खेळ चांगलाच कळायला लागला. अर्णव आता शार्क्सचा राखीव गोलरक्षक होता. यंदा पहिली पसंती कुणाला, हे कोचनं अजून ठरवलं नव्हतं. एक तर अर्णव, नाहीतर नुकताच आलेला फिनलंडचा गडी. त्या एका जागेसाठी पोरानं वर्षभर कॉलेज सांभाळून जिवाचं रान केलं होतं.

लेख झकास उतरला. आघाडीला खेळणारी चेक जोडी कुणाच्या हाती लागायची नाही, बचावफळी मात्र शेवटच्या पिरियडमध्ये धापा टाकते, दुबईला घरच्या रिंकवर हरवलं तर उपांत्य फेरी नक्की, असं सगळं त्यांनी नेमकं मांडलं. मग अर्णवचं नाव आलं आणि हात अडखळला. आपल्याच पोराचं कौतुक आपणच करायचं? लोक काय म्हणतील? शिवाय नजर लागायची ती वेगळीच. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘अर्णव अजून कच्चा आहे. त्याच्याकडून यंदा फार अपेक्षा ठेवू नयेत.’ त्यांच्या पत्नीनं, शोभाताईंनी, ते वाचलं आणि बरं केलंत म्हणाल्या.

मंडळात ज्यानं त्यानं ते वाक्य वाचून गिरीशरावांची पाठ थोपटली. बापाला मुलाचा किती अभिमान आहे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. नमितानं उत्साहाच्या भरात अख्खा लेख इंग्रजीत करून क्लबच्या फेसबुक-पानावर टाकला, तोही रीतसर विचारून. गिरीशराव खुशीत हो म्हणाले. एवढा शिकलासवरलेला माणूस, पण आपलं वाक्य कोचही वाचणार आणि शब्दशः खरं मानणार, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी दोघं गाडीतून निघाले. दोहा जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत अर्णवनं नेहमीसारखं इंग्रजीतच सांगितलं की कोच फिनलंडवाल्याला घेतोय. वडील इतकी वर्षं बघताहेत, त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार, असं कोच म्हणाला होता.

“यू कुड हॅव जस्ट लेफ्ट मी आउट, बाबा.”

मॉलमध्ये शिरल्यावर गिरीशराव तडक कोचकडे गेले. आमच्यात आपल्या मुलाची स्तुती आपण करत नाही, करणं बरं दिसत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. कोच भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पॅड बांधून शेजारी उभ्या असलेल्या अर्णवकडे बोट दाखवलं. मग आता सांगा, तो म्हणाला, कसा आहे हा?

साधा प्रश्न, पण परक्या माणसासमोर पोराचं कौतुक करायचं म्हणजे गिरीशरावांना अवघडच. शेवटी ते मुलाकडे वळले.

“फार चांगला खेळतोस रे तू,” ते मराठीत म्हणाले. “या बर्फावर तुझ्यासारखा गोलरक्षक मी पाहिलेला नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं.”

अर्णवची मान खाली गेली. काय म्हणाले, कोचनं त्याला विचारलं. अर्णव कानापर्यंत लाल झाला.

“ही सेज आय ॲम ओके,” तो पुटपुटला.

अगदी बापाच्या वळणावर गेलं होतं पोर. गिरीशरावांना त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. पोरगं खोटं सांगतंय, असं म्हणत त्यांनी मघाचं प्रत्येक वाक्य इंग्रजीत, इतक्या मोठ्यानं सांगितलं की स्केट्सच्या नाड्या बांधणारे चेक खेळाडूसुद्धा माना वर करून बघू लागले.

कोच हसला. ठीक आहे, आज दोघांनाही पुन्हा गोलमध्ये उभं करतो आणि मीच बघतो, असं म्हणून तो बर्फावर उतरला.

अर्णव हेल्मेट घेऊन निघाला. फाटकापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

“खरंच वाटतं तुला, बाबा?” त्यानं मराठीत विचारलं.

“खरंच,” गिरीशराव म्हणाले, आणि पुढे ‘पण’ लावला नाही.