अडतीस म्हशींचे बाप

आमच्या गावात म्हशीला बाप दोनदा मिळतो. एकदा रानात आणि एकदा पावतीवर. पावतीवरचा बाप नेहमी जातिवंत मुऱ्हा असतो.

गाव सानगडीच्या अलीकडे. मी दूध केंद्रावर फॅट मोजतो, त्यामुळे कोणाच्या म्हशीची बढाई किती आणि फॅट किती, हे दोन्ही मला रोज सकाळी शेजारी शेजारी दिसतं.

नागपूरहून उर्वशी मॅडम आल्या त्या या फॅटच्या रजिस्टरासाठीच. त्यांचा अभ्यास ऐकायला सोपा होता. म्हशीच्या शेपटीचे केस मुळासकट उपटायचे, प्रयोगशाळेत त्यातली जनुकं वाचायची आणि ती माझ्या आकड्यांशी जोडून पाहायची. दूध कोणाचं घट्ट, कोणाचं पातळ, याचं मूळ कुठं लपलंय ते शोधायचं. फॉर्मवर 'बाप' असा एक रकाना होता. सगळ्या अडतीस फॉर्मांवर मालकांनी एकच लिहिलं: सरकारी कांडीचा मुऱ्हा.

हे अगदीच खोटं म्हणता येत नाही. डॉक्टर आले, कृत्रिम रेतनाची कांडी भरली, पावती दिली. पण पहिल्या कांडीला म्हैस गाभण राहतेच असं नाही. न राहिलेली तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. तेव्हा ती रानात चरत असते, आणि रानात डॉक्टर नसतो. मालकाच्या पेटीत पावती मात्र असते.

रानात असतो धनीराम, गावाचा ढोरकी. सकाळी घरोघरची जनावरं चारायला न्यायची, संध्याकाळी आणून घालायची, आणि वर्षाकाठी जनावरामागे ठरलेलं धान घ्यायचं, हा त्याचा धंदा.

दोन वर्षांनी निकाल आला. अडतीसपैकी नऊच मुऱ्ह्याच्या निघाल्या. सतरा कोणत्या तरी एकाच बापाच्या, उरलेल्या बारा दुसऱ्याच एकाच्या. हे दोघे कोण, प्रयोगशाळेला ठाऊक नाही. मॅडमचे गुरुजी फोनवर म्हणाले, तुमच्या केसांच्या पाकिटांची अदलाबदल झालीय, हे गाव अभ्यासातून काढून टाका. दोन वर्षं पाण्यात. मॅडम केंद्राच्या बाकावर बसल्या आणि त्यांचा चहा गार झाला.

"धनीरामले विचारलं का?" मी म्हटलं.

"त्यांची म्हैस आहे?"

"नाही."

"मग त्यांचा फॉर्म कसा असेल?"

ही चूक शिकलेल्या माणसाचीच. आम्ही धनीरामला बोलावलं. त्यानं खर्रा गालात सारला आणि मॅडमचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मले सारं मालूम आहे, बाई. पर सांगू कसा? घनश्यामभाऊनं दोन वगारी मुऱ्ह्याच्या म्हनून विकल्या. उद्या मी म्हनलं का हे मंदाबाईच्या हेल्याचं बेनं हाये, तं तो आपली ढोरं माह्याकून काढून घेईल. त्याच्या मांगं दहा घरं जातीन. मंग मी काय खाऊ?"

मंदाबाईचा हेला म्हणजे शेपटीला पांढरा गोंडा असलेला गावठी रेडा. गावातल्या प्रत्येक घरानं त्याला निदान एक दगड मारलेला.

"मला नावं नकोत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फक्त म्हशी बापाप्रमाणे वेगळ्या करा. तुमचे गट आणि माझ्या यादीतले कानातल्या बिल्ल्यांचे नंबर जुळले, तर पाकिटं बदलली नाहीत हे सिद्ध होतं."

धनीरामनं खर्रा दुसऱ्या गालात सारला. "पानी पाजाले तं मले कोनी मना करत नाही," तो म्हणाला.

रविवारी कानातले बिल्ले तपासायचे म्हणून अडतीस म्हशी बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, जमल्या. धनीराम एकेकीला पाहायचा आणि पाण्यावर सोडायचा. कोणी सांडव्याशी, कोणी पळसाखाली, कोणी पाळीच्या टोकाला. कोणाचं नाव नाही, गाव नाही. शिंगाचा पीळ, खुरांची ठेवण, शेपटी, चाल, आणि पाण्यात शिरताना म्हैस थबकते की सरळ घुसते, एवढं त्याची नजर टिपून घेई. माझा फॅटचा काटासुद्धा एवढ्या झपाट्यानं आकडा दाखवत नाही.

"शिंगावरून ओळखता?" मॅडमनी हळूच विचारलं.

"एकट्या शिंगाचा भरवसा नाही, बाई. शिंग आईकूनबी येते. पाच गोष्टी पाहाच्या, तीन जुळल्या का झालं."

"आम्ही जनुकांत नव्वद हजार ठिकाणी पाहतो."

"म्हनून तुमाले टाइम लागते."

शेवटी घनश्यामभाऊ आपली राणी घेऊन आला. ही म्हैस त्यानं कधी कळपात पाठवली नव्हती; घरी पंख्याखाली बांधलेली. 'हे माह्या कळपातली नाही' एवढं म्हणून धनीरामला सुटता आलं असतं. मॅडमच्या हातात यादी होती, पण चेहऱ्यावरून उत्तर कळू नये म्हणून त्या बोडीकडे पाहत राहिल्या. धनीराम राणीभोवती एक फेरी फिरला.

"दोर सोड, भाऊ." त्यानं तिला सांडव्याकडे हाकललं. तिथल्या निम्म्या म्हशींच्या शेपट्यांना पांढरे गोंडे होते. ते काय सांगत होते, हे साऱ्या गावाला दिसत होतं.

"काहून गा धनीराम? माही राणी गावठ्यात काहून टाकली?"

"तिथं पानी बरं आहे, भाऊ."

"पानी मले नोको शिकवू. बाप सांग!"

सरळ विचारल्यावर धनीरामनं आढेवेढे घेतले नाहीत. "मंदाबाईचा हेला. हिची माय माह्या कळपात होती, मोहफुलं पडून राहिली होती तवा. दुपारची वेळ. मी तिथंच होतो."

"माह्याकडं पावती हाये!"

"पावती तुह्याकडं होती, भाऊ. म्हैस माह्याकडं होती."

मॅडमनी यादी लावून पाहिली. सदतीस जुळल्या, एक चुकली. धनीराम त्या एकीकडे पाहून खजील झाला. "त्या दिशी मी लग्नाले लाखनीले गेलतो," तो म्हणाला.

तिथूनच मॅडमनी गुरुजींना फोन लावला. पलीकडून दोनच शब्द आले: गाव ठेवा. मी रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचलं. दूध मुऱ्ह्याच्या नऊ जणींचं जास्त, पण फॅट सांडव्याकडच्या सतरांची, आणि त्या सतरांतही वरचा आकडा राणीचा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. घनश्यामभाऊ राणीच्या गळ्यात पुन्हा दोर अडकवून तिला घरी घेऊन गेला, आणि धनीरामचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाचे कॅन मांडत होतो. समोरच घनश्यामभाऊचं फाटक. कळप घेऊन धनीराम तिथं थांबला, पण रोजची हाक त्यानं घातली नाही. फाटक बंदच. मागच्या घरांतले लोकही आपापली जनावरं धरून उभे. सगळ्यांना एकच पाहायचं होतं.

फाटक उघडलं. घनश्यामभाऊच्या पाच म्हशी बाहेर आल्या. त्यांच्यामागे दोर नसलेली राणी.

"इलेबी ने," घनश्यामभाऊ माझ्याकडे न पाहता धनीरामला म्हणाला. "माजावर हाये. तिकडून ने, मंदाबाईच्या वावराकडून."

"तिकडून नाही नेत, भाऊ."

"काहून? आता का भाव वाढला तुहा?"

"बाप हाये तो तिचा. काल तं सांगतलं." धनीरामनं राणीच्या पाठीवर थाप मारून तिला कळपात घेतलं. "हिच्यासाठी दुसरा पाहून ठेवला हाये मी. दोन साल झाले."