चोविसावा दिवस

आंधळगावजवळच्या त्या खेड्यात रोवणी झाली आणि पाऊस जो गेला तो आलाच नाही. धानाच्या खाचरांना, बांध्यांना, भेगा पडल्या. पाणी होतं ते फक्त तलावात, आणि ते सोडायचं दगडी तोंड, तुडूम, एकच. वरच्या बांध्यांची पाळी दर सहाव्या दिवशी, खालच्यांची दर आठव्या दिवशी, असं फार जुनं ठरलेलं होतं. पाऊस असायचा तेव्हा या पाळ्यांकडे कोणी लक्षही देत नसे.

१९८२ च्या बारा ऑगस्टला सकाळी वरच्यांचा यादोराव आणि खालच्यांचा घनश्याम, दोघेही माणसं घेऊन तुडुमावर आले. दोघेही म्हणाले, "आज माही पाळी हाय." दोघेही खरं बोलत होते. घनश्यामनं फावड्याचा दांडा फिरवला आणि यादोरावच्या धाकट्या भावाचा, टिकारामचा, डावा डोळा फुटला.

पाच सप्टेंबरला पुन्हा तेच. या वेळी यादोरावच्या माणसांनी घनश्यामला चिखलात पाडून त्याचा गुडघा दगडानं ठेचला. हाड मोडल्याचा आवाज तलावाच्या बांधावर, पारीवर, उभ्या बायकांनीही ऐकला.

घनश्यामची मोठी बहीण सुलोचनाबाई गावच्या शाळेत सातवीला गणित शिकवायची. आठवड्याभरानं ती फळ्यावर उदाहरण लिहीत होती. एक घंटा दर सहा मिनिटांनी वाजते, दुसरी दर आठ मिनिटांनी. आता दोन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम केव्हा वाजतील? लसावि चोवीस. तिचा हात तिथंच थांबला. बारा ऑगस्ट ते पाच सप्टेंबर, चोवीस दिवस. पुढचा दिवस एकोणतीस सप्टेंबर.

संध्याकाळी ती घनश्यामच्या खाटेजवळ बसली.

"एकोणतीसले दोघांची पाळी पुन्हा एकाच दिवशी येते. तू तुही पाळी एक दिवस पुढं ढकल."

"म्हंजे मंग पुढच्या खेपेले पुन्हा ढकलू?"

"नाही. सहा आन् आठचा मसावि दोन हाय, दोन्ही पाळ्यातलं अंतर दोन-दोनच्याच पटीनं बदलते. एकदा एक दिवसाचा फरक पाडला का दोन्ही पाळ्या कधीच एकत्र येत नाहीत. कधीच."

"माहा गुडघा फोडला त्यायनं, आन् मी थांबू?" घनश्यामनं पाण्याचा लोटा तिच्या अंगावर भिरकावला. "त्यायले सांग!"

ती यादोरावच्या घरी गेली. दारात त्याची बायको धुरपता सडा घालत होती. सुलोचनाबाई बोलायला लागली तोच धुरपतानं शेणाच्या पाण्याची बादली तिच्या तोंडावर रिकामी केली.

"माह्या देराचा डोळा फोडला तुह्या भावानं, आन् तू हिशेब शिकवाले आली?"

पंचांना सांगितलं तर ते हसले. "भांडण का सहा-आठच्या पहाड्यानं होते, बाई?"

एकोणतीस सप्टेंबरला तिनं शाळेला कुलूप लावलं आणि तलावावर गेली. घनश्याम काठी टेकत आला होता, कमरेला विळा होता. यादोरावच्या हातात कुऱ्हाड. सुलोचनाबाई मध्ये शिरली, "एक दिवस, भाऊ, एकच दिवस!" असं ओरडत राहिली. कोणीतरी तिला केसांना धरून बाजूला फेकलं. तिचं डोकं तुडुमाच्या दगडावर आपटलं. डोळ्यांत उतरलेलं रक्त पुसून तिनं पाहिलं तेव्हा यादोराव गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हातांनी आपला गळा दाबून धरत होता. बोटांमधून रक्त उसळत होतं. घनश्याम विळा हातात घेऊन नुसता उभा होता.

भंडाऱ्याला नेताना वाटेतच यादोराव गेला.

पोलिसांनी दोन्हीकडचे अकरा जण नेले. बांध्यांत बायकाच उरल्या. धान पोटरीत आलं होतं, पाणी तर सोडायलाच हवं होतं. पंधरवड्यानं धुरपता शाळेत आली. कपाळ मोकळं. वर्गाच्या दारातच थांबली.

"तो एक दिवस सांग मले," ती म्हणाली.

सुलोचनाबाईच्या डोक्याला अजून पट्टी होती. तिनं फळ्यावर तारखा मांडल्या आणि सांगितलं, "तुमी जसे जाता तसेच जा. आमी एक दिवस मागं सरतो."

"तुह्या भावाची बायको ऐकंल?"

"ऐकंल."

भावजयीनं, कुंताबाईनं, आधी ऐकलं नाही. "माहा मानूस जेलात, आन् पाणीबी त्यायले पयलं?" सुलोचनाबाई तिच्या पायांशी बसली तेव्हा कुठे ती कबूल झाली.

तेवीस ऑक्टोबरला तुडुमावर धुरपता आणि वरच्या बाया होत्या. खालचं कोणीच नव्हतं. चोवीसला कुंताबाई गेली. त्या वर्षी धान निम्मंच झालं.

घनश्यामला जन्मठेप झाली. सुलोचनाबाई दर दोन महिन्यांनी नागपूरच्या जेलात त्याला भेटायला जायची. तो पिकाचं विचारायचा, यादोरावचं नाव कधी घ्यायचा नाही. धुरपता त्या दिवसानंतर सुलोचनाबाईशी एक शब्द बोलली नाही. वाटेत भेटली तर डोक्यावरचा पदर ओढून बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर उतरायची आणि ही पुढं जाईपर्यंत तिथंच पाठ करून उभी राहायची.