दुसऱ्या गिअरचा खोकला

गाडी सरकारी चाचणीत पास झाली, पण परतीच्या वाटेवर दुसरा गिअर टाकताना ती खोकली नाही आणि हेडली स्टब्जच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या गाडीत दुसरा गिअर पडला की खर्रकन आवाज यायचा. "म्हातारीला कफ झालाय," ती म्हणायची. गाडी तिची लाडकी. १९८९ साली एक ऑगस्टला, नंबरप्लेटवर त्या वर्षाचं नवं G अक्षर आलं त्याच सकाळी, तिनं ती लाल गाडी शोरूममधून बाहेर काढली होती. नवं अक्षर सगळ्यांना दिसावं म्हणून त्या दिवशी ती उगीचच चार वेळा बाजारात जाऊन आली. "G म्हणजे ग्लेनिस," असं खाटकालासुद्धा सांगून आली.

ग्लेनिस गेली आणि गाडीचा पत्राही गंजून गेला. हेडलीनं आतले भाग काढून ठेवले, नव्या सांगाड्याचं किट मागवलं आणि तीन वर्षं गॅरेजात खपून दोन माणसांची उघडी गाडी बांधली. नियम असा होता, की एकाच जुन्या गाडीचे निदान दोन मुख्य भाग वापरले असतील, तर नव्या गाडीला त्या जुन्या गाडीच्या सालाचं अक्षर मिळतं. नाहीतर Q. ज्या गाडीचं वय आणि कूळ सांगता येत नाही, तिचं अक्षर Q. इंजिन दोघांनी मागेच बदललेलं, ते धरता येत नव्हतं. उरले ऍक्सल आणि गिअरबॉक्स. दोन्ही तिचेच ठरले तर G. हेडलीला त्या एका अक्षराशिवाय दुसरं काही नको होतं.

आणि गिअरबॉक्स तर तीन आठवडे सिरिलकडे होता!

सिरिल क्रॅग हा कुंपणापलीकडचा शेजारी. जन्म गेला बसडेपोत गिअरबॉक्स उघडण्यात. "तीन दिवसांत साफ करून देतो," म्हणून घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी चकचकीत रुपेरी रंग फासून घेऊन आला. हेडलीनं तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं आता त्याला वाटू लागलं. चाळीस वर्षं त्यानं दुकानदारांची वजनमापं तपासली होती. चकचकीत काटा दिसला की तो आधी तळ उलटून बघायचा.

तो कुंपणापाशी गेला.

"सिरिल, खोकला कुठे गेला?"

"बरा केला. आतली पितळेची कडी झिजली होती, नवी घातली."

"मग जुनी दाखव."

"भंगारात गेली. का रे? चौकट करून भिंतीवर लावणार होतास?"

"आणि रंग कशाला फासलास?"

"गंजला होता म्हणून! लोक अशा वेळी आभार मानतात, हेडली. अगदीच कंजूष असले तरी निदान चहा विचारतात."

हेडलीनं चहा विचारला नाही. त्याची नजर सिरिलच्या शेडकडे होती. तिथे ताडपत्रीखाली तस्सेच दोन गिअरबॉक्स पडलेले होते. नक्की पाणी मुरतंय, तो मनाशी म्हणाला. घरी येऊन त्यानं गाडीखाली शिरून थोडा रंग खरवडला. खाली एक आकडा निघाला, पण तो कारखान्यातल्या साच्याचा होता, हजारो गिअरबॉक्सांवर तोच. हेडलीला त्याचाही राग आला.

गुरुवारी परवाना खात्याची बाई आली, मिस पॅजेट. तिनं फोटो आणि जुनं नोंदणीपुस्तक पाहिलं, ऍक्सल पास केला आणि गिअरबॉक्सपाशी थांबली.

"हा रंग?"

"मित्रानं दिलाय."

"गिअरबॉक्स त्याच गाडीचा आहे, हे स्वतःच्या माहितीनं सांगता ना? मग इथे सही करा."

हेडलीनं पेन घेतलं. कुंपणापलीकडून सिरिल हात हलवत होता. फारच मनापासून हलवत होता.

"नक्की सांगता येत नाही," हेडली म्हणाला. "त्यानं बदलला असावा, असा मला संशय आहे."

"नीट विचार करा, मिस्टर स्टब्ज. Q एकदा लागला की कायमचा."

"खोट्यावर मी सही करत नाही."

बाईनं ते तसंच लिहून घेतलं.

पत्र आलं. Q. हेडलीनं प्लेट बनवून आणली, पण लावली नाही. आधी त्या लबाडाला रंगेहाथ पकडायचं होतं. शनिवारी दुपारी त्यानं गाडी उचलून गिअरबॉक्स खाली उतरवला आणि त्याच्या घंटेसारख्या तोंडात बॅटरी मारली.

आत रंग नव्हता. काळपट धातूवर प्रत्येक बोल्टाशेजारी एक लाल ठिपका होता.

नेलपॉलिश. क्लच बदलला होता तेव्हा, इथेच, याच फरशीवर. तो एकेक बोल्ट आवळायचा आणि राहून जाऊ नये म्हणून ग्लेनिस शेजारी ठिपका द्यायची. शेवटचा ठिपका ओघळला होता. तेव्हा तिनं त्याच्या नाकालाही ठिपका लावला होता आणि हसून हसून तिचा हात हलला होता. हे सगळं तो विसरून गेला होता. तो फरशीवरच बसला आणि बऱ्याच वेळानं रडला.

संध्याकाळी त्यानं प्लेट घेऊन सिरिलचं दार वाजवलं. ठिपक्यांचं सांगितलं. बाईला काय लिहून दिलं तेही सांगितलं.

सिरिलनं प्लेट हातात घेऊन पाहिली आणि परत दिली.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं की."

"विचारलंस. पण ऐकलं कुठे?" असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

पुढच्या आठवड्यात हेडली गाडी घेऊन बाजारात गेला. खाटीक हात पुसत बाहेर आला, गाडीभोवती फिरला आणि मागच्या प्लेटपाशी वाकला.

"झकास! पण हा Q कशाचा?"

"तिच्याबद्दल कुणालातरी खात्री नव्हती."

"कुणाला?"

"मला," हेडली म्हणाला आणि त्यानं दुसरा गिअर टाकला. आवाज आला नाही.