पाठ नदीकडे

"काका, पाठ नदीकडं, तोंड माणसांकडं. कितींदा सांगायचं?"

कृष्णनाथ दचकून वळला. सुपरवायझर अभिजीत मागे कधी येऊन उभा राहिला, त्याला कळलंच नव्हतं. पोरगा वाईट नव्हता. कोल्हापूरकडचा, बोलायला तिखट, मनाने बरा. पण त्याच्या डोक्यावरही साहेब होते.

"भरती बघत होतो," कृष्णनाथ म्हणाला.

"भरती काय पळून जात्या व्हय? सायकलवाले पळून जात्यात. शिट्टी कशाला दिल्या तुम्हाला?"

मांडवीकाठचा हा पट्टा आतापर्यंत गाड्यांचा होता. पणजी बेटावरचं शहर. पण पाण्यापाशी जायचं तर जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागे. आता गाड्या मागच्या रस्त्याने वळवल्या होत्या. काठाने फरशी बसली, कठडा आला, झाडांना गोल ओटे आले. उद्घाटन व्हायचं होतं, पण चालणारे त्यासाठी थांबले नव्हते. सकाळ-संध्याकाळ माणसांची जत्रा. सायकलवाल्यांना उतरवायचं, पोरांना कठड्यावर बसू द्यायचं नाही, एवढंच कृष्णनाथचं काम.

मूळचा तो दोडामार्गचा. तरुणपणी डिचोलीच्या खाणपट्ट्यात आला, सारमानसला बार्जवर खलाशी म्हणून चढला आणि तिथेच तांडेल, म्हणजे बार्जचा प्रमुख, झाला. 'सातेरीप्रसाद' नावाची बार्ज त्याच्या हाताखाली होती. सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं आणि मांडवीतून खाली बंदराकडे न्यायचं. आयुष्यभर पणजी त्याने पाण्यावरून पाहिली. लांबून शहराचा आवाज येत नसे. नुसती घरं, माड, आणि सांजवेळी काठावर लागत जाणारे दिवे. तेव्हा वाटायचं, कधीतरी बायकोला, आनंदीला घेऊन इथे उतरायचं, काठाकाठाने चालायचं. मग खाणी बंद पडल्या, बार्जी नांगरावर गंजत राहिल्या. आणि आता तो रोज दिवसभर त्याच काठावर चालत होता, पायांत कडक बूट घालून. बार्जवर त्याने कधी चप्पलसुद्धा घातली नव्हती.

खिशातला फोन वाजला. रुद्रेश. त्याच्या हाताखालचा जुना खलाशी.

"तांडेल, खंय आसस? सुकती लागली की सोडतत आमका. टग इलो हा."

"आजच?"

"आजच. मुखापलीकडच्या यार्डात नेऊन तोडतले. माका सुकाणूर उभो केलो हा, नुसतो धरूक. तू काठार उभो रव."

"भोंगो वाजयशीत मा?"

"खंयचो भोंगो! बॅटरी कधीच काढून नेली. मुकीच चल्ली आपली सातेरी."

नदीच्या मुखाकडे वळताना एक लांब भोंगा द्यायचा, हा 'सातेरीप्रसाद'चा रिवाज होता. गावदेवी सातेरी आईला सांगून समुद्रात शिरायचं. धुकं असो, इंजिन कुरकुरत असो, कृष्णनाथने तो कधी चुकवला नव्हता. सारमानसला घरी बसून आनंदीला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ती म्हणायची, माका कळता.

आज सकाळी डबा भरताना तो तिला म्हणाला होता, "ह्या आठवड्यात नेतले म्हणतत तिका. येतस बघूक?"

"मेल्या माणसाक मी बघूक जातंय, जित्याक न्हेताना बघवचा नाय माका," ती म्हणाली होती. "तू मात्र बघ हां. कोण तरी आपला होया."

कृष्णनाथ अभिजीतपाशी गेला. "साहेबा, संध्याकाळी थोडा वेळ कठड्यापाशी उभा राहतो. आमची बार्ज जाणार."

"आज नको, काका. आज वरची माणसं बघायला येणारेत. तुम्ही रस्त्याकडच्या गेटला. तिथनं हलायचं न्हाई."

"चहा पिण्याइतकाच वेळ."

"चहाच नडतोय की ओ!"

खरं होतं ते. याआधीचा माणूस गेट सोडून चहाला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याची टोपी कृष्णनाथच्या डोक्यावर आली होती. अजूनही ती सैल बसे.

रस्त्याकडच्या गेटवरून नदी दिसत नव्हती. मध्ये उद्घाटनाचा मांडव होता. कृष्णनाथ लोखंडी अडथळ्याला टेकून उभा राहिला. नदी दिसली नाही तरी वारा फिरल्याचं त्याला कळलं. सुकती लागली, पाणी उतरायला लागलं असणार. टगने दोर ताणला असेल. एव्हाना पूल आला असेल. रुद्रेश रिकामं सुकाणू धरून काठाकडे बघत असेल, तांडेल दिसतो का म्हणून.

एक स्कूटरवाला गेटशी आला. "आत सोडतलो?"

"ना."

स्कूटर वळली. कृष्णनाथने अडथळा नीट ओढून घेतला, कडी घातली. मग टोपी हातात घेतली आणि मांडवाला वळसा घालून तो चालू लागला. पळाला मात्र नाही.

ती आलीच होती. टगच्या मागे, पोट रिकामं म्हणून पाण्यावर उंच उचललेली, गंजाने लाल. नावातलं 'सातेरी' गेलं होतं, 'प्रसाद' तेवढं उरलं होतं. सुकाणूपाशी रुद्रेश उभा होता. त्याने एक हात वर केला. कॅसिनोच्या बोटींपुढून ती सरकत चालली होती आणि तिचा कसलाच आवाज येत नव्हता. बाकांवरच्या कुणी मानही वर केली नाही.

मुखाकडे वळायची जागा आली. कृष्णनाथचा हात आपोआप डोक्याच्या वर गेला, भोंग्याची दोरी जिथे असायची तिथे. हाताला काही लागलं नाही. मग त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि छातीतला सगळा श्वास तिच्यात घातला. एकच, लांब, न तुटता.

सबंध काठ थांबला. सायकलवाले पटापट उतरले. पळणारे जागच्या जागी उभे राहिले. कठड्यावरची पोरं खाली उड्या मारून सरळ उभी राहिली. बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ, आपलं काय चुकलं न कळून, काठीवर भार देत उठले. शिट्टी संपली तरी कुणी हललं नाही. त्या उभ्या माणसांसमोरून बार्ज वळली आणि हळूहळू दिसेनाशी झाली.

अभिजीत धापा टाकत आला. "काय झालं? कुणाला धरलं?"

"कोणाला नाही."

अभिजीतने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग नदीकडे. एवढंच म्हणाला, "गेटवर मी थांबतो. या तुम्ही सावकाश."

कृष्णनाथने शिट्टी सदऱ्याला पुसली, टोपी डोक्यावर घातली, आणि वळला. पाठ नदीकडे, तोंड माणसांकडे.

समोर एक मुलगी सायकल हातात धरून अजून उभी होती.

"काका, आता जाऊ?"

"जा बाय," तो म्हणाला. "चालत जा."